जीनचं कूळ

खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती, शाळा सुटली होती आणि मी धुळ्यातल्या आमच्या शाळेच्या पायरीवर बसून रडत होते… ही गोष्ट सदुसष्ट-अडुसष्टची. मी तेव्हा आठवीत.

कारण साधं होतं. दसऱ्याची सुट्टी संपली की इंग्रजी ठेवणार की सोडणार, ते बाईंना सांगायचं होतं. आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोड म्हणून सांगून टाकलं होतं.

आबा जीनमध्ये फिटर. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना… आमची निम्मी गल्ली त्याच्या भोंग्यावर उठायची. शेजारचा मुलगा इंग्रजीपायी मॅट्रिकला पुन्हा पुन्हा आपटला आणि शेवटी घरी बसला. आबांनी त्याचा धसकाच घेतला होता. आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "इंग्रजी शिकीसन काय करशी? आपला घरमा कोणले येस ती?" संपला विषय!

इंग्रजीच्या बाईंनी मला पाहिलं. समजूत वगैरे काही घातली नाही, वडील काय करतात एवढंच विचारलं. मी म्हटलं, जीनमध्ये असतात. बाई हसल्या आणि हाताला धरून थेट लायब्ररीत घेऊन गेल्या.

तिथे उशीएवढी जाड डिक्शनरी होती. मला आपलं वाटायचं, जीन हा आमच्या गल्लीचा शब्द… भाकरी, सरकी, तसा जीन. तो त्या पुस्तकात छापलेला बघून मी रडायचंच विसरले. आणि एक नाही, तीन-तीन अर्थ! एक दारू, एक जनावरं पकडायचा फासा आणि एक आबांचं मशीन.

बाई बोट ठेवून सांगत होत्या. दारूचं कूळ निराळं, ती कुठल्याशा झाडाच्या फळावरून आलेली. पण फासा आणि मशीन सख्खे भाऊ… दोघंही इंजिन या शब्दाचे तुकडे. आणि इंजिन म्हणजे फार पूर्वी, लॅटिनमध्ये, लोखंड नव्हतंच… माणसाची उपजत बुद्धी होती! त्याच्याही तळाशी जे बीज आहे, त्याच बीजातून आपला 'जन्म' हा शब्द आलाय.

माझ्या अंगावर काटा आला. आज लिहितानाही येतोय… कुठलं रोम, कुठलं धुळं, आणि तो शब्द आमच्या आबांच्या तेलकट सदऱ्यापर्यंत चालत आलेला.

संध्याकाळी भीत भीत आबांना सांगितलं. दारूचं तेवढं गाळलं! त्यांनी घास हातात धरून एकच विचारलं, "म्हणजे जीन नि जन्म एकच घरना शेतस?" मी म्हटलं, हो, एकाच घरचे. त्यांनी तो घास तोंडात टाकला आणि पुढे जेवू लागले… मी समजले, गेलं इंग्रजी.

खंडेनवमीला आबा दरवर्षी त्यांचा पाना, हातोडी आणि तेलाची झारी घासूनपुसून पाटावर मांडायचे. त्या दिवशी हळद वाहता वाहता मध्येच थांबले.

"पोरी, तुन्हं इंग्रजीनं पुस्तक लयी ये."

मी पळतच आणलं. त्यांनी ते पान्याशेजारी ठेवलं, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल… माय बघतच राहिली. आमच्याकडे रीत अशी की पूजेत बसलेलं अवजार वर्षभर चालवायचं, अडगळीत टाकायचं नाही. माय हळूच म्हणाली, "पूजामा ठेवं, आते वापरनंच पडी."

"वापरू दे मंग," आबा म्हणाले आणि उदबत्ती लावायला वळले.

मी पुढे इंग्रजी शिकवतच निवृत्त झाले. किती शब्दांची कुळं मुलांना सांगितली, त्याची गणतीच नाही… पण जीनपाशी आले की आबांच्या पान्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नसे.

ते आठवीचं पुस्तक केव्हाच हरवलं. पण दर खंडेनवमीला माझी डिक्शनरी पाटावर असते… आणि तिच्याशेजारी आबांचा पाना.