सार्पोंगच्या शेजारची खाच

घानातल्या आमच्या सुहुम गावात फोमबोर्ड कापणारे तिघे आहेत, पण बेदियाको मास्टरला विचारलंत तर एकच. बाकीचे दोघे, त्याच्या मते, बोर्ड कापत नाहीत, कुरतडतात. दुसऱ्याच्या हातचं काम कुठे दिसलं की हा आधी कडेवरून अंगठा फिरवणार आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणार, "याच्या दुकानात उंदीर कामाला ठेवलाय का?"

माझं छपाईचं दुकान आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एकच प्लायवूडची भिंत. मी फोटो मोठा करून छापतो, बोर्डावर चिकटवतो आणि बोर्ड भिंतीपलीकडे जातो. बारसं, लग्न, चर्चचा वर्धापनदिन असतोच, पण आमचं पोट खरं चालतं ते मेलेल्यांवर. हल्ली माणूस गेला की त्याचा खऱ्या उंचीचा फोटो बोर्डावर चिकटवून, अंगाच्या रेषेवरून कापून मांडवाच्या तोंडाशी उभा करतात. पाहुणे येतात, त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात, डोळे पुसतात आणि जोलोफ भाताच्या रांगेत लागतात.

एका दमात बोर्ड कापणारा माणूस बेदियाकोला न चावता गिळणाऱ्यासारखा वाटतो. तो एकाच रेषेवरून तीनदा जातो. पहिल्यांदा नुसता वरचा कागद उघडतो, सुरी पेन्सिलीसारखी हलकी धरून. दुसऱ्यांदा आतला फोम. तिसऱ्यांदा खालचा कागद. वळण आलं की मनगट वळवत नाही, बोर्ड फिरवतो. आणि सगळा वेळ कान देऊन असतो. फोम जरा जरी कुरकुरला तरी पातं बोथटलं असं समजून पकडीने त्याचं टोक मोडतो, म्हणजे मागची कोरी धार पुढे येते, आणि तुकडा टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात टाकतो. त्याच्या दुकानात पांढरा चुरा कधी उडत नाही. चुरा उडतो तो दुसऱ्यांच्या नावाचा.

मत्सर हा त्याचा जोडधंदा. अक्र्यात बोर्ड कापायचं मशीन आलंय असं मी एकदा सांगून बसलो, तर आठवडाभर तो त्या मशीनवर धुमसत होता. "मशीनला बायको नसते. हात थरथरेल कशाला?" असं शेवटी म्हणाला, तेव्हा कुठे त्याला जेवण गेलं.

बायको म्हणजे फोसुआ. ती समोर ट्रोट्रोच्या, भाड्याच्या मिनीबसच्या, तळावर वाक्ये विकते, म्हणजे भात-चवळी, वर अंडं किंवा मासा. अख्खा तळ तिच्याकडे जेवतो, आणि जेवणारा प्रत्येक जण तिच्याशी दोन शब्द बोलतो. बेदियाको खिडकीतून बघत असतो. कुणाच्या पानात माशाचा मोठा तुकडा पडला हे त्याला त्या माणसाच्या आधी कळतं.

तरी जिवंत माणसांवरचा त्याचा राग हा सरावाचा, शिंकेसारखा. खरा डंख एका मेलेल्याचा. सार्पोंगचा. फोसुआचा पहिला नवरा. अक्र्याच्या फेरीवर ट्रोट्रो चालवायचा, दिसायला उंचापुरा, गाडी चढावर धापा टाकायला लागली की उतारूंना गाणं म्हणून दाखवायचा. त्यांच्या लग्नाच्या मांडवातली पांढरी अक्षरं कापली होती बेदियाकोनेच. तेव्हा तो उमेदवारी करत होता. फोसुआच्या नावावर त्याने इतका जीव लावला की सार्पोंगच्या नावाला वेळ उरला नाही, आणि नवऱ्यामुलाच्या नावाची कड करवतीसारखी निघाली. गावाने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. पुढे सार्पोंग तापाने गेला. बेदियाको रीतीपुरता थांबला, वर आणखी थोडा थांबला आणि मग फोसुआला मागणी घातली.

म्हणजे हवं ते मिळालं. तरी माणूस सुखी नाही. जिवंत माणूस आज ना उद्या म्हातारा होतो, त्याचं पोट सुटतं, तो चारचौघांत मूर्खासारखं बोलतो. मेलेल्याचं यातलं काहीच होत नाही.

अशा माणसाच्या दारात एका सकाळी सार्पोंगची थोरली बहीण, आंटी अडोमा, येऊन उभी राहिली. मी भिंतीच्या फटीला कान लावला. तेवढ्यासाठीच ती फट मी बुजवलेली नाही.

"बेदियाको, काम आहे. सार्पोंगला दहा वर्षं होतायत. तो गेला तेव्हा ही फॅशन नव्हती, बिचारा नुसत्या पोस्टरवर गेला. आता घराण्याने ठरवलंय, मांडव घालायचा आणि त्याला उभा करायचा."

"अक्र्याला जा, आंटी. तिथं मशीन आहे. सुरेख कापतं."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो.

"मशीनला काय कळतंय माझा भाऊ कसा होता!" आंटी म्हणाली. "आणि त्या दुसऱ्या दोघांकडे दिलं तर ते त्याला उंदराने खाल्ल्यासारखा करतील. तुझ्यासारखं गावात कोण कापतं, सांग."

बाई पोचलेली. बेदियाकोने हात पुढे केला. "फोटो बघू."

त्याने फोटो बघितला. मग त्याने मला हाक मारली, "प्रिंटर! ऐकतोयस तर समोरूनच ये."

फोटोत सार्पोंग चौकड्यांच्या शर्टात उभा होता, हसत. त्याला बिलगून फोसुआ, डोक्याला फडकं बांधलेली, कमरेवर हात ठेवून. सार्पोंगचा हात पुढून तिच्या खांद्यावर.

"दुसरा नाही का?" बेदियाकोने विचारलं.

"उभा हा एकच. बाकी सगळ्यांत तो स्टिअरिंगमागे बसलाय. पण काळजी करू नकोस, हिला काढून टाकायचंय. ती आता तुझी बायको. आमच्या मांडवात ती सार्पोंगच्या कुशीत दिसली तर लोक महिनाभर चघळतील."

बेदियाकोचा चेहरा उजळला. "म्हणजे या दोघांना वेगळं करायचं?"

"हो."

"आणि ते मी करायचं?"

"मग काय, मी दातांनी करू?"

त्याने फोटो उजेडात धरला. अख्ख्या गावासमोर या दोघांना एकमेकांजवळ कधी दिसू द्यायचं नाही, हेच तर त्याला दहा वर्षं हवं होतं. आता घराणंच त्याच्या हातात सुरी देत होतं. "हात कोपरापासून उडवू," तो म्हणाला. "बायको नाही, तर हात हवेत कशाला?"

आंटी अडोमाने छातीवर हात मारला. "थोटा? माझ्या भावाला पूर्वजांच्या पंगतीत थोटा उभा करतोस? घराण्याचे वडील मला उभी जाळतील! हात पूर्ण पाहिजे. बोटं पाहिजेत. मी मोजून घेणार."

मी कॉम्प्युटरवर काही जोडजाड करीन म्हणून दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझी विद्या पासपोर्ट फोटोच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत. मी छताकडे बघितलं.

"बरं, उंची किती होती?" बेदियाकोने विचारलं.

"चांगला उंच होता. आमच्या दारातून वाकून जायचा."

"तुमच्या दारातून मीही वाकून जातो, आंटी. आकडा सांगा."

"आकडा तुझ्या बायकोला विचार," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी आम्ही दोघं वाक्ये खायला गेलो. बेदियाकोने निम्मं पान संपवलं आणि मग मासा निवडत, जसं काही मिठाबद्दल विचारतोय तसं, म्हणाला, "सार्पोंग किती उंच होता गं?"

फोसुआच्या एका हातात पळी होती. दुसरा हात सरळ वर गेला, तिच्या डोक्याच्या वर, आणि हवेत एका जागी थांबला. "एवढा."

बेदियाकोने खिशातून टेप काढली. जमिनीपासून तिच्या तळहातापर्यंत मोजलं. हात जरासुद्धा हलला नाही; तेवढ्यात तिने दुसऱ्या हाताने एका ड्रायव्हरला भात वाढला.

"नीट विचार कर. दहा वर्षांत माणूस विसरतो."

"तू विसरतोस. परवा चर्चला निघालास तो एका पायात माझी चप्पल घालून."

तळावर हशा झाला. बेदियाको हसला नाही. माप त्याला लागलं नव्हतं. वर जाताना कुठे थांबायचं हे त्या हाताला न विचारता माहीत होतं, ते लागलं होतं. टेप गुंडाळून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आणि मी?"

"तू काय? समोर बसलायस की. मोजायचं कशाला?"

परतताना तो मला म्हणाला, "छापताना उंची चार बोटं कमी कर."

"मास्टर, हात वर गेला तेव्हा सगळा तळ बघत होता."

तो तरातरा पुढे निघून गेला. मी पूर्ण माप छापलं.

बोर्ड टेबलावर चढला तेव्हा मी माझं दुकान उघडं टाकून तिथे जाऊन बसलो. मला वाटत होतं, हा काहीतरी करणार. नाकाचा शेंडा उडवेल, निदान एखादा कान. पण त्याने बोथट टोक मोडून नवं काढलं आणि सार्पोंगच्या केसांपासून सुरुवात केली, इतकी शांत की मला कंटाळा यायला लागला. गंमत सुरू झाली दोघांमधल्या रेषेवर. तिथे त्याचा श्वास बदलला. फोसुआचा खांदा सार्पोंगच्या बरगडीवर टेकलेला. तिच्या फडक्याची गाठ त्याच्या बाहीला लागलेली. बेदियाको नाक बोर्डाला लावून तिला त्याच्यापासून सोडवत होता. कागद, फोम, कागद. प्रत्येक वळणावर नवं टोक. डब्यात टिक टिक आवाज चालूच.

"मास्टर, एवढं काय? केसभर इकडेतिकडे चालेल."

"नाही चालणार. तिचा एक दोरा त्याच्या अंगाला चिकटलेला राहता कामा नये."

बोटांपाशी तो सर्वांत जास्त रेंगाळला. चार बोटं खांद्यावरून खाली वळलेली. प्रत्येक बोटाच्या मधली फट त्याने कोरून काढली. मग टेबलावर दोन्ही हात ठेवून दोन्ही तुकडे अलगद अलग केले. सार्पोंग एकीकडे, फोसुआ दुसरीकडे. इतकी स्वच्छ कड मी त्याच्याही हातून पाहिली नव्हती. फोसुआच्या खांद्यावर मात्र चार बोटांच्या चार खाचा राहिल्या. त्या तो अंगठ्याने घासत बसला, जणू घासून जातील.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"ही माझी आहे," असं म्हणून त्याने तो तुकडा काखेत मारला आणि भरबाजारातून घरी निघाला. कसाव्याच्या कंदांच्या ढिगाशेजारची बाई ओरडली, "मास्टर, दुसरी केलीस का?" तो म्हणाला, "पहिलीच आहे. परत आणली."

शनिवारी मांडव उभा राहिला. पांढरी-काळी वस्त्रं, कानठळ्या बसवणारी गाणी, माल्ट पेयाच्या पेट्या. सार्पोंग प्रवेशापाशी उभा केला होता आणि त्याच्यामागे घराण्याने काळं कापड ताणलं होतं. बेदियाको नवे कपडे घालून आला, फोसुआला घेऊन, मान वर करून. आणि तसाच थबकला.

दुकानात मागे पांढरी भिंत होती म्हणून आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता काळ्या कापडावर सार्पोंगच्या शेजारची रिकामी जागा माणसासारखी उभी होती. फडक्याची गाठ, मान, खांदा, कमरेवरच्या हाताचं कोपर, नितंबाचं वळण. सार्पोंगकडे बघायच्या आधी डोळा तिथेच जात होता.

एका म्हाताऱ्याने काठी रोखली. "अरे, ही तर वाक्येवाली!"

झालं. माणसं सार्पोंगला भेटायची सोडून खाचेला भेटायला लागली. "फोसुआ, ये गं, तुझी जागा राखून ठेवलीय बघ!" "हात पण तयार आहे!" फोटोवाल्याने तर कॅमेराच डोळ्याला लावला. "वहिनी, एकदा उभ्या राहा ना, बसतं का बघू."

आंटी अडोमा धावत आली. "बेदियाको! मी तुला हिला काढायला सांगितलं होतं!"

"काढलीच आहे की!"

"ही काढली? ही आधीपेक्षा जास्त दिसतेय!"

"आंटी, शपथ घेऊन सांगतो, तिचा एक केससुद्धा शिल्लक नाही ठेवला."

"तेच म्हणतेय मी, गाढवा!"

बिचाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. ज्या उंदरांना तो नावं ठेवायचा त्यांच्यापैकी कुणी हे काम केलं असतं तर तिथे एक ओबडधोबड भोक राहिलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. तेवढ्यात दोन ड्रायव्हरांनी हसत हसत फोसुआचा हात धरला. तीही हसत होती, एक पाऊल पुढे आलीसुद्धा. बेदियाकोने तिघांना बाजूला सारलं, सरळ पुढे गेला आणि खाचेत स्वतः उभा राहिला.

नवरा-बायको एकाच उंचीची. तो तिथे असा बसला की हवासुद्धा जाऊ नये. सार्पोंगची चार बोटं त्याच्या खांद्यावर आली. मांडवात जो हशा उसळला तो गाण्याच्या वर गेला. फोटोवाल्याने टिपून घेतलं. सार्पोंग हसतोय, बेदियाको दात-ओठ खातोय.

तो तिथून हललाच नाही. ज्यांना सार्पोंगबरोबर फोटो हवा होता त्यांनी दोघांबरोबर काढला. घराण्याचे वडील आले, त्यांनी बेदियाकोशीही हात मिळवला. आंटी अडोमाने येऊन बोटं मोजली आणि मान हलवून गेली. उन्हं कलली तशी मी त्याच्यासाठी माल्ट घेऊन गेलो.

"मास्टर, बसा आता. लोक जेवायला गेलेत."

"मी हललो की तिला इथे उभी करतील."

तेवढ्यात भात वाढणाऱ्या बाईने पलीकडून फोसुआला विचारलं, "अगं, एक पान उरलंय. तुझा माणूस कुठला?" फोसुआ आमच्याकडे पाठ करून खरकटी पानं उचलत होती. तिने वळूनही बघितलं नाही. एक हात वर केला, तो तिच्या टाळूच्या उंचीला येऊन थांबला. "एवढा. रागावलेला."

बेदियाकोने ते बघितलं. नजरेने तो हात आणि आपली उंची ताडून पाहिली. मग माल्टचा घोट घेतला, आणि मला वाटलं, आता तरी याच्या पोटातलं दुखणं थांबलं.

"प्रिंटर," तो म्हणाला, "सार्पोंगच्या वेळी हात जास्त लवकर वर गेला होता. नाही?"

"तेव्हा हाताला लांब जायचं होतं, मास्टर."

त्याने जरा विचार केला. मग खांद्यावरच्या त्या बोटांच्या कडेवरून सवयीने अंगठा फिरवला, कुठे खरखरीत लागतं का ते बघत.