मागच्या सीटवरचे सौदे

साहेबांची गाडी चालवणारा हा मामा म्हणजे तोंडात गुळणी धरलेला माणूस. मागच्या सीटवर कंपन्याच्या कंपन्या विकल्या जायच्या, पण याची नजर रस्त्यावरून ढळायची नाही. साहेब कॉम्प्युटरच्या नव्या कंपन्यांत पैसा घालणारे. त्यांची रीतच न्यारी. ऑफिसात सौदा करायचाच नाही. पोरसवदा मालकाला गाडीत घ्यायचं, शहराला फेरा मारायचा. पटला, तर त्याच्या दारात परत सोडायचं. नाही पटला, तर "इथंच बाजूला घे." मग तो बिचारा लॅपटॉप पोटाशी धरून भर उन्हात उभा.

मामा घरी बायकोला एवढंच सांगायचा, "आज दोघांना उतरवलं."

परवा भाची नोकरीला आहे त्या कंपनीचा मालक गाडीत बसला आणि थेट दारापर्यंत परत गेला. मामाची छाती फुगली. त्याच रात्री भाचीनं विचारलं, "मामा, दुसरीकडून बोलावणं आलंय. जाऊ का?"

"वेडी का खुळी? साहेबांनी तुमची कंपनी घेतलीय. जागची हलू नकोस!"

आज साहेब मागं फोनवर हसत होते. "छे रे, परवाची ती कंपनी चालवायला कोण घेतंय? आपल्या मोठ्या कंपनीच्या आडवी येत होती. महिनाअखेरीला बंद करून टाकू."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्नचा कल्ला. मोडून टाकायला कोणी विकत घेतं? आणि इतकी वर्षं हसत हसत दारात सोडलेली ती पोरं? त्यांतली किती अशीच...

"झोपलास का रे?" साहेब खेकसले.

मामानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, भाचीला फोन लावला.

"ती दुसरी नोकरी घे."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना? सकाळीच ‘नाही येत’ म्हणून कळवलं मी त्यांना."

"मग परत फोन कर. हातापाया पड, थाप मार, काहीही कर. तुमचं दुकान बंद करतायत. बाकीच्यांनाही सांग."

"फोन ठेव," साहेब म्हणाले. आवाज बर्फासारखा. "चल, मीटिंग आहे माझी."

"निघू. तिचा फोन येऊ द्या."

शेवटी फोन वाजला.

"मामा, उद्या या म्हणाले."

मामानं साहेबांना मीटिंगला पोचवलं, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि चालू लागला.