बार्शीचा निळा ठिपका

माझ्या पाककृतींच्या ब्लॉगवर कोण कुठून येतं ते नकाशावर दाखवणारं प्लगइन मी व्हिडिओ बघत बघत स्वतःच बसवलं. तेव्हापासून दुपारी कामं आवरली, की पडदे ओढून मी तो नकाशा उघडून बसते. पुणं दिसतं, कधी दुबई दिसते, आणि उन्हं कलताना बार्शीवर एक निळा ठिपका हळूच उमलतो.

बार्शी माझं माहेर. भाऊ गेल्यापासून वहिनीचं आणि माझं बोलणंच थांबलं होतं. भांडण नव्हतं हो. फोनवर दोघींना रडूच यायचं, म्हणून दोघींनीही फोन करणं सोडलं. तो ठिपका म्हणजे वहिनीच का, एवढंच मनात घोळायचं. जरा डोळा लागला, की वाटायचं, ती पलीकडच्या खोलीत बसून माझं वाचतेय, तिचा पंखा कुरकुरतोय.

विचारायचं कसं? मग मी शेंगाच्या चटणीची कृती लिहिली आणि शेवटी मुद्दाम लिंबू पिळायला सांगितलं. वहिनीची चटणी महिनाभर टिकायची. पाण्याचा थेंब लागलेला तिला खपायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपका आला आणि पाठोपाठ फोन.

"वन्सं, शेंगाच्या चटणीत लिंबू? सोलापूरचं ऊन बाधलं व्हय तुमाला?"

"मग काय घालू, वहिनी?"

"काय बी नगं. आदी ते लिवलेलं पुसा. लोक करून बघतील की."

मी पुसते म्हणाले. मग ती शेजारणीच्या लेकीचं लग्न, स्वतःचे गुडघे, असं बोलतच राहिली. नकाशा कधी मिटला, मला कळलंच नाही.