इस्माईलच्या गाडीतले पाहुणे

वीर स्टेशनावर पॅसेंजर पुरती थांबलीही नव्हती, तोच ताबिशने डब्याच्या दारातून हाक मारली, "इस्माईलभाई, आधी हे धरा!" आणि सलाम-दुवा व्हायच्या आत चाकांची भलीमोठी बॅग इस्माईलच्या पायावर येऊन पडली. मागोमाग आणखी आठ नग उतरले. मग ताबिशची बायको नशरा उतरली, आणि सगळ्यात शेवटी त्यांची चौदा वर्षांची मुलगी महेक, मोबाईलमधून मान वर न काढता.

स्टेशनाबाहेर महाडला जाणाऱ्या रिक्षा ओळीने उभ्या होत्या. इस्माईलने घरी तसं सुचवूनही पाहिलं होतं. पण नशरा ही त्याच्या बायकोची, महरुन्निसाची सख्खी धाकटी बहीण. लग्न होऊन नागपूरला गेली ती सोळा वर्षांत माहेरच्या बाजूला फिरकली नव्हती. "माझी भन एवढ्या लांबून येतेय आन् तिला रिक्षात कोंबून आणू?" असं महरुन्निसाने विचारलं. इस्माईल आपली सात सीटची जुनी गाडी घेऊन आला.

गाडीत बसल्याबसल्या ताबिशने फोन काढला. नागपुरात त्याचा एसी दुरुस्तीचा धंदा चांगला चालला होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस काढून तो पहिल्यांदाच कोकणात आला होता. "तेवीस ठिकाणं काढली आहेत," तो म्हणाला. "रोज तीन केली तर होतात. तुमची गाडी आहेच."

तुमची गाडी आहेच. इस्माईलने आरशात पाहिलं. ताबिश मागच्या सीटवर बसला होता. पुढची सीट रिकामीच होती.

इस्माईल सत्तावन्न वर्षांचा. तरुणपणी त्याने महाड-मुंबई ट्रक चालवला, आणि मुलगा अकिब शाळेत जायला लागला तसा तो कुवेतला गेला. तिथे एकोणीस वर्षं एकाच घरी हाऊस ड्रायव्हर होता. लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी चालवणं. इस्माईलला विचाराल तर तो सांगेल, ते काम थांबण्याचं आहे. मॅडम दुकानात गेल्या, थांबा. मुलं शिकवणीला गेली, थांबा. लग्नाला गेले, थांबा. इंजिन बंद, एसी बंद, आणि बाहेर पन्नास डिग्री. कुठल्या इमारतीची सावली किती वाजता कुठे सरकते, हे त्याला पाठ झालं होतं. तीन वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. आता पेशंट मुंबईला ने, लग्नाची माणसं खेडला सोड, अशी कामं करायचा. पण गाडीत बसून कुणाची वाट पाहायची नाही, हे त्याने परत आल्याबरोबर ठरवून टाकलं होतं. पेशंटबरोबर तो दवाखान्यात जायचा, लग्नात मांडवात जाऊन जेवायचा. महाडच्या स्टँडवर हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ताबिशला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी सवचं गरम पाण्याचं कुंड झालं. नशराने सलवार घोट्यावर सरकवून पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले. ताबिशने एक बोट बुडवलं. "एवढंच?" तो म्हणाला. "फोटोत मोठं वाटत होतं." महेकला पाण्याचा माचिसच्या काड्यांसारखा वास आला. इस्माईल उतरायला निघाला, तसा ताबिश म्हणाला, "तुम्ही बसा गाडीतच. कॅमेऱ्याची बॅग आहे आत." एक दिवस आहे, पाहुणा आहे, म्हणून इस्माईल बसला. पंधरा मिनिटांत नशराला उठवून आणलं गेलं, कारण लिस्टवर अजून दोन ठिकाणं बाकी होती.

मंगळवारी रायगड झाला. मंडळी रोपवेने वर गेली आणि साडेतीन तासांनी खाली आली. इस्माईल तेवढा वेळ गाडीत. बॅगा होत्या.

घरी वेगळंच चाललं होतं. महरुन्निसा फजरच्या नमाजापासून चुलीपुढे उभी. तांदळाची भाकरी ताबिशच्या पोटाला चालत नव्हती, त्याला गव्हाचे फुलके लागत. महेकला मासळीचा वास सहन होत नव्हता, तिच्यासाठी निराळ्या नूडल्स. संध्याकाळी सगळे दमून यायचे, जेवायचे आणि उद्याच्या ठिकाणांचे व्हिडिओ बघत झोपायचे. बहिणीशी दोन शब्द बोलायला मिळतील म्हणून महरुन्निसाने केवढी तयारी केली होती. नशराच्या आवडीची सांदणं करायची म्हणून तांदळाचा रवा काढून ठेवला होता. तो डबा अजून उघडलाही नव्हता.

"आजचा दिवस घरी राहा गो," ती नशराला म्हणाली.

नशराने नवऱ्याकडे पाहिलं. "आपा, यांचं सगळं ठरलेलं असतं," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ताबिशला जिन्याच्या भिंतीवरची रेघ दिसली.

दोन हजार एकवीसच्या पुरात सावित्रीचं पाणी या घरात शिरलं, तेव्हा ते जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं होतं. नंतर घराला रंग दिला, पण तेवढी चिखलाची रेघ महरुन्निसाने रंगवू दिली नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"ही पुराची का? बाप रे!" ताबिशने फोन काढला. "आपा, तिथे उभ्या राहा. हात वर करा, म्हणजे अंदाज येईल. थोडं घाबरल्यासारखं करा."

महरुन्निसाच्या हाताला पीठ होतं. तिने तो पदराला पुसला आणि रेघेपर्यंत वर नेला. घाबरल्यासारखं तिला काही करता आलं नाही. ती नुसती उभी राहिली. ताबिशने व्हिडिओ दोनदा घेतला, कारण पहिल्या वेळी उजेड बरोबर नव्हता.

इस्माईल दारात बूट घालत होता. त्याचा हात नाडीवर तसाच थांबला. त्याच्या तोंडात शब्द आला होता, पण महरुन्निसाने मान हलवून त्याला गप्प केलं.

गुरुवारी प्रतापगड. या खेपेला इस्माईलने बायकोला हुकूमच सोडला. "तू पण चल. डबा कर आन् चल. रोज काय चुलीत तोंड घालून बसायचं?" ती कुरकुरत तयार झाली. पुढच्या सीटवर ती बसली, हे ताबिशला फारसं रुचलं नाही, कारण आज तिथे कॅमेरा लावायचा होता.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागले, तसं धुकं दाटलं. इस्माईल त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेला. पण ताबिशचा फोन बोलायला लागला. "इथून डावीकडे घ्या. शॉर्टकट आहे. व्ह्यू पॉइंट पण दाखवतोय."

"तिकडं काय नाय," इस्माईल म्हणाला. "वाडी हाय धनगरांची."

"भाई, मॅप खोटं बोलेल का?"

मग वाद नको म्हणून इस्माईलने डावीकडे घेतलं. रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा झाला, मग नुसता लाल मातीचा, आणि शेवटी गाडी एका गोठ्यापुढे जाऊन थांबली. समोर म्हैस उभी होती. ती हलायला तयार नव्हती. घरातून एक म्हातारा बाहेर आला, नाथू त्याचं नाव, आणि त्याच्या मागे सुपात नाचणी घेतलेली त्याची बायको चंद्राबाई.

ताबिशने काच खाली केली. "काका, इथे व्ह्यू पॉइंट कुठे आहे?"

"काय पॉइंट?"

"म्हणजे बघण्यासारखं काय आहे इथे?"

नाथूने जरा विचार केला. "आमी हाव," तो म्हणाला. "आन् ही म्हस हाय."

चंद्राबाईने पाहुणे समजून सगळ्यांना ताक दिलं. महेकने पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला आणि तांब्या तोंडाला लावून अख्खा संपवला. ताबिशने 'पोटाला' म्हणून नको म्हटलं. नाथूने म्हशीला शिंगाला धरून बाजूला घेतलं, मागून दगड लावले, हाका देत देत गाडी वळवून दिली. "पुढल्या टायमाला हमरस्त्यानं जा रं बाबा," तो इस्माईलला म्हणाला. "ड्रायवर हायस, तुला कळाय नको?" ताबिश फोनमध्येच बघत राहिला.

गडाच्या पायथ्याशी पोचायला अकरा वाजले. वारा बोचत होता. ताबिश उतरला, आळस दिला आणि रोजच्याच सुरात म्हणाला, "इस्माईलभाई, तुम्ही थांबा गाडीत. जाकिटं, डबे सगळं आतच ठेवतो, वर ओझं नको. आणि आपा पण बसतील, त्यांचे गुडघे दुखतात ना."

महरुन्निसाने थर्मास काढला, दोन कप काढले. तिला तिथेच बसायचं आहे हे तिने मानूनही टाकलं होतं. पाहुणे पायऱ्यांकडे गेले.

इस्माईलने कप बघितले. मग किल्ली काढली, खाली उतरला, बायकोच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर गो."

"आवो, सामान?"

"गाडीला कुलूप असतं. उतर."

त्याने गाडी लॉक केली, दार दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली.

पायऱ्या पुष्कळ. महरुन्निसाचा गुडघा दर पंधराव्या पायरीला बसवायचा. ते बसायचे, चहा घ्यायचे, पुन्हा चढायचे. एका वळणावर खाली येणारी ताबिश मंडळी पलीकडच्या गर्दीतून निघून गेली. त्यांनी यांना पाहिलं नाही. इस्माईलने मात्र पाहिलं, आणि बायकोच्या हाताला धरून तो पुढची पायरी चढला.

वर पोचल्यावर त्यांनी भाजलेली कणसं घेतली आणि तटाच्या आडोशाला बसले. धुकं फाटत होतं, खाली घाटाचा रस्ता तुकड्यातुकड्याने दिसत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताबिश. इस्माईलने पाहिलं आणि वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा आवाज बंद केला.

"काल मी त्याला बोलणार होतो," तो म्हणाला. "त्या रेघेवरून."

"म्हायत हाय मला."

"तुला एक म्हायत नाय. तू पाण्यात होतीस ना, त्या दिवशी मी मॉलच्या पार्किंगमध्ये होतो. ईदचा तिसरा दिवस. घरची मंडळी आत खरेदीला. तुझा फोन सकाळी बंद झाला. टीव्हीवर महाड दाखवत होते, मोबाईलवर बघतोय, आपल्या गल्लीत छपरं तेवढी वर. मॅडमला बोललो, घरी जाऊ द्या, खोलीवर जाऊन चार जणांना फोन करतो. ती बोलली, थांब, अर्ध्या तासात येतो. पाच तास, महरू. पाच तास मी पार्किंगमध्ये. गाडी सोडून जायची हिंमत नाय झाली."

महरुन्निसाने कणीस मांडीवर ठेवलं.

"मी वरच्या खोलीत बसून तुम्हाला शिव्या घालत होती," ती म्हणाली. "बोलली, याला ईद सुटत नाय. एक फोन करत नाय. तीन वर्षं मनात ठेवलं."

"फोन बंद होता तुझा."

"ते आता कळतंय. मला काय म्हायत, पाण्यात पडलाय का काय फोन!" ती चिडूनच बोलली, आणि मग तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसून तिने कणीस पुन्हा उचललं.

ते खाली आले तेव्हा अडीच वाजले होते. ताबिश, नशरा आणि महेक पावणेदोन तास गाडीला टेकून वाऱ्यात उभे होते. जाकिटं काचेतून दिसत होती. जेवणाचे डबेही दिसत होते. ताबिशचं नाक लाल झालं होतं.

"ही काय पद्धत झाली?" तो ओरडला. "किती फोन केले! पाहुण्यांना असं रस्त्यावर उभं करतात?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. इस्माईलने शांतपणे दार उघडलं. "मी तुमचा साडू हाय, ताबिशभाई. ड्रायवर नाय. ड्रायवरकी मी कुवेतला सोडून आलो. जिथं तुम्ही जाल तिथं मी येईन, नायतर घरी बसेन. गाडीत नाय बसणार."

"तुम्हाला बोलायचं होतं मग! मला काय स्वप्न पडणार?"

हे मात्र खरं होतं. त्यामुळे इस्माईल अधिकच वैतागला. "बरं, चुकलं माझं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं."

तेव्हा नशरा बोलली. गाडीला पाठ लावून, जाकीट अंगावर ओढत. "मी उद्यापासून कुठे येणार नाही. चार दिवसांत मी आपाचं घरसुद्धा नीट बघितलं नाही."

"अगं, तेरा ठिकाणं राहिलीत!"

"मग बघा तुम्ही."

परतीच्या रस्त्यात पोलादपूरला महेकने डबा उघडून थंड झालेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली, मासळीच्या वासाबद्दल चकार शब्द न काढता.

शुक्रवारपासून बहिणी स्वयंपाकघरात बसल्या. सांदणं झाली, फसली, पुन्हा झाली. दोघींमध्ये एकदा आईच्या बांगड्यांवरून भांडण झालं, दुपारपर्यंत अबोला, मग पुन्हा गप्पा. ताबिश रुसून एसटीने एकटाच शिवथर घळीला गेला. परतीची गाडी चुकली, आणि संध्याकाळी फोन आला, "इस्माईलभाई, जरा याल का? इथे कुणीच नाहीये." इस्माईलने कपाळावर हात मारला, चार शिव्या मनात दिल्या आणि गेला. येताना ताबिश न सांगता पुढच्या सीटवर बसला. माणगावच्या एका पेशंटविषयी इस्माईल काहीतरी सांगत होता, ते त्याने मध्ये न बोलता ऐकलं. गप्पा म्हणाव्यात अशा काही झाल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाला, "त्या पुराचा व्हिडिओ मी टाकला नाही कुठे. नशरा रागावली."

"बरं केलंत," इस्माईल म्हणाला.

रविवारी नऊ नग आणि वर तांदळाचं पोतं, सुकी मासळी, कोकम असे आणखी चार नग घेऊन पाहुणे गेले. सोमवारी इस्माईल दुपारचे बारा वाजले तरी झोपला होता. त्याला कुणी उठवलं नाही, कारण महरुन्निसाही झोपली होती.