प्रुइटचा पत्ता

हॅनरहन हा आमचा मालक. माणूस वाईट नाही, पण वाईट कामं दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात पटाईत. मार्चमधल्या एका मंगळवारी त्यानं मला आत बोलावलं आणि म्हणाला, "रेनाटा, उद्या रेडिओवरून पोरांना कामं सांगायला मी बसतो. तू सायकल काढ आणि दिवसभर एव्हरेटबरोबर फीर. संध्याकाळी मला एकच शब्द सांग. त्याला सायकलवर ठेवायचं, हो की नाही?"

"आणि तो चुकायला लागला तर?"

"चुकू दे. तू तोंड उघडलंस तर मला कळणार काय, कपाळ?"

एव्हरेट टॉलिव्हर सत्तावन्न वर्षांचा होता. शिकागोत सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्यांत त्याच्याएवढा वयस्कर दुसरा कुणी नव्हता. दक्षिणेकडचा पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा 'दोनचार आठवडे बघू' म्हणून तो या धंद्यात आला, त्याला सोळा वर्षं झाली. जाकिटाच्या आत तो टाय बांधायचा. टाय दिसला की काउंटरवरच्या बायका पाकीट लवकर घेतात, असं त्याचं म्हणणं. पोरं चिडवायची, "काय रे म्हाताऱ्या, लग्नाला निघालास?" हा म्हणायचा, "हो, तुझ्या बापाच्या."

गेल्या पंधरवड्यात मात्र त्यानं दोन पाकिटं भलतीकडेच दिली होती. रेडिओवर एकच काम दोनदोनदा विचारलं होतं. तसं सगळेच विचारतात. वेल्स स्ट्रीटवर डोक्यावरून रेल्वे धडधडत जाते तेव्हा स्वतःचं नावसुद्धा ऐकू येत नाही. पण एव्हरेट कधी विचारत नसे. रेडिओवर मीच बसते, त्यामुळे हे आधी माझ्या लक्षात आलं होतं आणि मी मूग गिळून गप्प बसले होते. शेवटी गिऱ्हाइकांनीच मालकाकडे तक्रार केली.

गुडघा कामातून जाईपर्यंत मीही सहा वर्षं सायकल चालवली. कुठल्या इमारतीत मागच्या दारानं शिरायचं, मालाची लिफ्ट चालवणाऱ्याला काय विचारलं की तो खूश होतो, हे सगळं मला एव्हरेटनं शिकवलेलं. आणि आता त्याच माणसावर मी पाळत ठेवायची. रात्रभर मला धड झोप लागली नाही.

सकाळी मी त्याला थाप मारली. "मार्कोला ताप आलाय, म्हणून त्याच्या जागी सायकलवर आज मी."

"मार्को आत्ताच कोपऱ्यावर भेटला," एव्हरेट म्हणाला. "डोनट खात होता." माझा चेहरा पडलेला बघून त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला. "चल, उशीर होतोय."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यात रेडिओवर पत्ता सांगायची पद्धत नाही. नुसती नावं. 'ब्रेनर ते स्टॉल्झ' म्हटलं की ब्रेनर वकिलाकडचं पाकीट उचलून स्टॉल्झकडे निघायचं. पत्ता विचारला तो नवखा, आणि त्याची आठवडाभर टिंगल. या वकिलांच्या नि विम्यावाल्यांच्या शेदीडशे कचेऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतात, आणि एव्हरेटच्या डोक्यात त्या सगळ्यांत पक्क्या होत्या.

सकाळभर तो चुकला नाही. मीच धापा टाकत मागे राहत होते. टॅक्सीचं दार उघडणार हे त्याला दार उघडायच्या आधी कळायचं. एका कचेरीत बाईनं त्याला तिच्या मुलीचा शाळेतला फोटो दाखवला, तर यानं मुलीचं नाव घेऊन तिच्या पडलेल्या दातांची चौकशी केली. दर पाकिटाला मी मनात पत्ता घोकायचे आणि दर पाकिटाला तो बरोबर त्याच दारात उभा असायचा. दुपारी रश्शात बुडवलेला मांसाचा पाव आम्ही उभ्या उभ्याच खाल्ला. टायवर थेंब पडू नये म्हणून त्यानं टाय खांद्यावर टाकला होता. मला वाटलं, उगाच घाबरले मी. संध्याकाळी ताठ मानेनं 'हो' सांगेन.

पावणेचारला रेडिओ खरखरला. हॅनरहनचा आवाज. "एव्हरेट, ब्रेनरकडे कागद आहे. प्रुइटची सही घ्यायची आणि साडेचारच्या आत कोर्टात. आज शेवटची तारीख आहे. चुकलं तर ब्रेनर आपल्याला दारात उभं करणार नाही."

"समजलं," एव्हरेट म्हणाला.

लासाल स्ट्रीटवरच्या ब्रेनरच्या कचेरीतून त्यानं पाकीट घेतलं, पिशवीत टाकलं आणि सायकल पूर्वेकडे वळवली.

प्रुइट पश्चिमेला होता, नदीपलीकडे.

काहीतरी जवळचा रस्ता असेल, मी स्वतःला समजावलं. मग मला धसकाच बसला. डिअरबॉर्नवरची ती जुनी इमारत. प्रुइटची कचेरी पूर्वी तिथं होती. ती हलवून अडीच वर्षं झाली होती, आणि नव्या जागेत मीच एव्हरेटला शंभरदा पाठवलं असेल. हाक जिभेवर आली होती. पण हॅनरहननं तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

मालाच्या लिफ्टनं आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. एव्हरेट झपझप पुढे गेला, डावीकडे वळला आणि थांबला. काचेच्या दारावर दाताचं चित्र होतं. आतून गुळणी करायच्या औषधाचा वास येत होता.

"प्रुइट?" त्यानं टेबलामागच्या मुलीला विचारलं.

"इथं डॉक्टर आहेत. तुमची वेळ घेतलीय का?"

त्यानं पाकीट काढलं. त्यावर पत्ता ठळक छापलेला होता, पण तो फक्त नावच वाचत होता. पुन्हा पुन्हा. मग तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. घाबरला होता तो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

गेला खड्ड्यात हॅनरहन. "कॅनॉल स्ट्रीट," मी म्हणाले. "साउथ कॅनॉल, दोनशे चाळीस. सहावा मजला."

"दोनशे चाळीस," तो पुटपुटला, आणि पळाला.

नदीवरच्या पुलाची लोखंडी जाळी ओली होती. तिथं माझं पुढचं चाक सरकलं आणि मी कठड्यावर आदळले. एव्हरेटनं मागे वळून पाहिलं नाही. चांगलं केलं. मी गुडघा धरून प्रुइटच्या दारात पोचले, तर तो सही घेऊन निघूनही गेला होता. पुढची वाट मी कशी काढली कोण जाणे. बाजूच्या प्रत्येक गाडीखाली मला तोच दिसत होता.

कोर्टाबाहेर तो बाकावर बसलेला सापडला. त्यानं पोचपावती पुढे केली. शिक्का चार अठ्ठावीसचा होता.

मी शेजारी बसले.

"किती दिवस झाले प्रुइटला जागा बदलून?" त्यानं विचारलं.

"अडीच वर्षं."

"मी गेलोय तिथं?"

"शंभरदा तरी."

त्यानं टाय सैल केला. "त्या मुलीनं वेळ घेतलीय का विचारलं ना, तेव्हा मला क्षणभर वाटलं, घेतली असेल." तो हसायला गेला, पण जमलं नाही त्याला. "घरी बसलो तर आठ दिवसांत वेडा होईन मी, रेनाटा."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतो. पुढच्या आठवड्यात जातो. शपथ." मग खाली बघत म्हणाला, "आकडा ऐकला ना, की पाय आपोआप जातात. नावांची मात्र गल्लत होते. रेडिओवर आकडा सांगशील मला?"

"सांगेन."

"मला एकट्याला नको. सगळ्यांना सांग."

संध्याकाळी हॅनरहननं विचारलं, "हो की नाही?"

"हो," मी म्हणाले. "आणि उद्यापासून मी पत्ते सांगणार आहे. सगळ्यांना. चुका तुझ्या त्या नुसत्या नावांनी होतात."

तो नाराजीनं मान हलवत राहिला, पण नको म्हणाला नाही. मी केलं ते बरोबर की चूक, मला आजही ठाऊक नाही. त्या रात्री मला फक्त पुलाची ओली जाळी आणि ट्रकची चाकं दिसत होती.

सकाळी मी पहिलं काम सांगितलं. नाव, रस्ता, आकडा. रेडिओवर एकच गलका उठला.

"बाई, आम्ही काय कालच या शहरात उतरलोय?"

"हिला रात्री चढली होती वाटतं!"

"शाळा उघडली रे, शाळा!" हा मार्को.

मी सगळं ऐकून घेतलं. दहाच्या सुमाराला एव्हरेटचं काम आलं. "एव्हरेट, ब्रेनरकडून प्रुइट. साउथ कॅनॉल, दोनशे चाळीस."

"अगं ए पोरी!" एव्हरेट सगळ्यांहून मोठ्यानं ओरडला. "प्रुइट कुठं बसतो ते तू मला शिकवतेस? मला?"

पोरं खिदळायला लागली. तो हसू थांबायची वाट बघत राहिला.

"किती म्हणालीस?" तो म्हणाला. "पुन्हा सांग जरा, या पोरांना नीट ऐकू दे."

"दोनशे चाळीस," मी सावकाश म्हणाले. "साउथ कॅनॉल, एव्हरेट. नदीपलीकडे."