आयच्या रक्ताची काच

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिचं शाळेत नावही घातलेलं नव्हतं. मुरुडच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. त्या वर्षी पाऊस सरला, होड्या पुन्हा दर्यात गेल्या आणि घराघरांत थंडीताप शिरला. आधी बाबा पडले. भर दुपारी गोधड्यांवर गोधड्या घेऊनही त्यांचे दात वाजायचे, मग घामाने अंथरूण भिजायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते काही झालंच नाही अशा थाटात जाळं सांधायला बसायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबा यातून उठले. बहिणीचा ताप मात्र डोक्यात गेला. ती आम्हाला ओळखेना, झटके येऊ लागले, आणि दिवस मावळायच्या आत ती आयच्या मांडीवर गेली.

मग पाटलांनी भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ टाकले, पुटपुटला आणि सांगितलं की ही बाधा आयने माहेराहून आणली. आयचं माहेर उरणकडचं, मिठागरांना लागून. गणपतीत ती तिकडे जाऊन आली होती, तेवढंच त्याला पुरलं. त्या दिवसापासून वाड्यातल्या बायका बाजारात आयच्या शेजारी टोपली ठेवीनात. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून तिला हलवलं. कुणाच्या हळदीला बोलावणं येईना.

"गप ऱ्हा. वरीसभरात इसरतील लोकं," बाबा म्हणाले.

आय गप राहिली नाही. पाटलांच्या अंगणात उभी राहून ती सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "पोर माजी गेली, न् बोल पन मलाच?" आतून फक्त दार लावल्याचा आवाज आला.

माझ्या वयाच्या मुली तोवर टोपल्या घेऊन बाजारात बसू लागल्या होत्या. आयने मला शाळेतून काढलं नाही. मावशी समजवायला आली, "हिला शिकवून काय करनार हायेस?"

"पोर कशानं मेली ते हिला शोदू दे," आय म्हणाली.

मी मॅट्रिक झाले त्या सुमारास जिल्ह्यात मलेरियावाल्यांचं काम जोरात सुरू होतं. पाठीवर पंप घेतलेली माणसं भिंतींवर डीडीटी मारत, आणि ज्याला ताप असेल त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचेच्या पट्टीवर घेत. त्या काचा तपासायला माणसं हवी होती. मी अर्ज केला. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोळ्याची मुलगी तू. दिवसभर एका जागी बसून काचा बघणं जमेल?"

"साहेब, सुक्या जवळ्यातून रेतीचा कण न् कण निवडून मी मोठी झालेय," मी म्हटलं. "तुम्ही निवडून बघा एकदा, मग मला विचारा."

शेजारचे डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत, पण नोकरी मिळाली. दुसरं कुणी आलं नसेल, असंही असेल.

तालुक्याच्या गावी दवाखान्यामागे एक खोली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि रंगाने निळं पडलेलं बेसिन. ते हसलेले डॉक्टरच आम्हाला शिकवायचे. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, रंगवायचा, धुवायचा, वर तेलाचा ठिपका टाकून भिंगाखाली धरायचा. मग फिकट गुलाबी चकत्यांचं रान दिसे. त्या रक्तपेशी. पहिले काही दिवस मला रंगाचा कचरा आणि जंतू यातला फरक कळेना. मग एका सकाळी एका चकतीच्या आत मला अंगठी दिसली. इवलीशी निळी अंगठी आणि तिच्यावर तांबडा खडा. शेजारच्या पेशीत तशीच आणखी एक.

डॉक्टरांनी पाहून मान हलवली. "हाच तो. आणि यातला वाईट प्रकार. हाच मेंदूपर्यंत जातो."

मी उठून बाहेर गेले आणि हापशावर तोंड धुतलं. रडू आलं नाही. राग आला. असा राग, की तो भगत समोर असता तर मी त्याला मानेला धरून त्या भिंगासमोर बसवलं असतं.

डॉक्टरांनी पुढे सगळं समजावून सांगितलं. डास चावला की जंतू आधी यकृतात जातो, तिथे वाढतो, मग रक्तात उतरतो. एकेका पेशीत शिरतो, तिच्यातला लाल ऐवज खातो, एकाचे कितीतरी होतात. मग पेशी फोडून सगळे एकदमच बाहेर पडतात आणि माणसाला हुडहुडी भरते. बाहेर पडले की लगेच दुसऱ्या पेशी धरतात.

"पण पेशीत शिरतो कसा? तिला तर दार नाही," मी विचारलं.

"शिरताना त्याला अजून कुणी नीट पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "क्षणभराचा खेळ असतो. आपल्याला दिसतो तो आत बसलेलाच."

पुढच्या आठवड्यात मी आयला एसटीने घेऊन आले. ती खुर्चीवर अवघडून बसली, एक डोळा मिटून तिने भिंगात पाहिलं. बराच वेळ तिला काही दिसेना. मी काच हळूच सरकवून अंगठी मधोमध आणली.

"ही?" ती म्हणाली.

"हीच."

तिने मान वर केली नाही. तशीच वाकून तिने विचारलं, "मी आनली व्हती का गं ही? माहेरासून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण जे खरं होतं ते मी सांगितलं. "ज्याच्या रक्तात हे असतं, त्याला चावलेला डास दुसऱ्याला देतो. कुणाचं रक्त, कुठला डास, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुला तर तापही नव्हता. आणि डास काही तुझी परवानगी मागून चावला नाही."

आयने हात पुढे केला. "माजं रगात बग."

"आज बघून त्या वर्षीचं कळत नाही, आय."

"बग म्हनते ना."

मी तिचं बोट टोचलं. मासे कापून कापून त्या बोटाची कातडी इतकी जाड झाली होती की सुई दोनदा मारावी लागली. काच रंगवली, वाळवली, आणि ती शेजारी बसलेली असताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली. सगळ्या चकत्या स्वच्छ होत्या.

"काही नाही," मी म्हटलं.

"मला पुरं हाय येवडं," आय म्हणाली आणि पदर सारखा करून उठली.

वाड्यात मात्र फवारणीवाल्यांना कुणी घरात घेत नव्हतं. सुक्या मासळीला वास लागेल, कोंबड्या मरतील, असं पाटलांनी सांगितलं होतं. आयने आपली मासळी शेजारच्या वाडीत नेऊन झाकली आणि फवारणीवाल्यांना हाक मारली. भिंती पांढुरक्या झाल्या. आमचं एकच घर तसं दिसायचं, आणि लोक येताजाता त्याकडे बघून थुंकायचे. आय दारातच बसून मासळी निवडायची, मुद्दाम.

त्याच हंगामात पाटलांच्या नातीला थंडीताप भरला. मी सुट्टीवर घरी होते. भगताला सांगावा गेल्याचं कळलं तशी आय उठली आणि तिने सुया, काचा, गोळ्या ठेवलेल्या माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "चल."

ज्या अंगणात तिच्या तोंडावर दार लावलं होतं, तिथेच आम्ही गेलो. पाटील ओटीवर होते. आत पोरगी कुडकुडत होती.

"तुजं काय काम हितं?" पाटील म्हणाले.

"पाटील, मला बोल लावायचा तर लावा, मला सवय झालीय. पन पोरीचं रगात बगू द्या."

"भगत येतोय."

"माज्या पोरीच्या टायमाला पन तोच आला व्हता," आय म्हणाली. "तिला पुरल्यावर."

पाटलांनी आम्हाला निघून जायला सांगितलं. आय पायरीवर बसली. तेवढ्यात आतून त्यांची सून पोरीला कडेवर घेऊन सरळ बाहेर आली, सासऱ्याकडे न बघता माझ्यासमोर बसली आणि पोरीचं बोट तिनेच धरून दिलं. मी रक्त घेतलं, नेमून दिलेल्या कडू गोळ्या गुळातून चारल्या आणि पुढच्या गाडीने काच घेऊन तालुक्याला गेले. अंगठ्या होत्या, भरपूर. डॉक्टर स्वतः जीप घेऊन वाड्यात आले आणि त्यांनी पुढचं औषध दिलं. पोरगी वाचली.

पाटलांनी कधी माफी मागितली नाही. पण पुढच्या फवारणीला त्यांचं दार उघडं होतं, आणि मग बाकीचीही उघडली. काही वर्षांत तापाच्या काचा इतक्या कमी झाल्या की दिवस दिवस अंगठी दिसेना.

वाड्यातल्या रक्त तपासणीच्या एका फेरीत डॉक्टर आमच्याकडे चहाला थांबले. आयने त्यांना दंडावरचा देवीच्या टोचणीचा व्रण दाखवला. "याची लस हाय. मंग तापाची का न्हाय?"

"हा लबाड आहे, आई. तो आपल्याच पेशीत लपतो. शरीराचे पहारेकरी बाहेर शोधत राहतात. शिवाय सारखं रूप बदलतो. परदेशात प्रयत्न चाललेत, पण अजून हाती काही नाही."

"म्हंजे चोर आपलीच गोदडी पांगरून आपल्याच घरात निजलाय."

"अगदी तसंच."

"तर मंग त्याला गोदडीत शिरायच्या आदीच धरा की! तवा तर उगडा असंल."

डॉक्टरांनी कपबशी खाली ठेवली. "तेच करायचंय. पण कधी जमेल ते सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाय म्हंजे जमनार न्हाय असं थोडंच हाय?" आय म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर ती माझ्याबरोबर निघाली. वरच्या आळीत ताप आलेला एक म्हातारा रक्त द्यायला नकार देत होता. आयने त्याचं मनगट धरलं आणि मला म्हणाली, "टोच."