तुंब्यातली चवळी

आमच्या पाड्यावरच्या बायका मला तोंडावर 'बाय' म्हणतात आणि पाठीमागे 'भांडखोर बाय'. दोन्ही खरं आहे. माझं माहेर चिखल्याचं, समुद्राकाठचं. तिथे वाऱ्यात बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो, तो पुढे उतरलाच नाही. लग्न करून तलासरीकडे आले, उधव्याच्या पुढे, आणि तिथल्याच पाड्यावर अंगणवाडी सेविका झाले. पोरांची वजनं करायची, आयांना काय खाऊ घालायचं ते सांगायचं, हे माझं काम. भिंतीवर फळांचा तक्ता आहे, त्यात सफरचंद पहिलं. आमच्या पाड्यावर सफरचंद विकायला कोणी फिरकत नाही, तरी पोरं ते बरोबर ओळखतात.

त्या वर्षी भात पोटरीला आलं होतं, आणि माझा जीव एका पोरीत अडकला होता. दीड वर्षाची. दंडाला मोजपट्टी लावली की लाल रंगावर थांबायची. झोळीत घालून काट्याला टांगली तर काट्याला जाग येईना. रडायचीसुद्धा बारीक आवाजात. तिची आई तरणी, अबोल. हिच्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो आजारी पडला तेव्हा त्याला डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी जीव तोडून केलं, पण नेलाच होता उशिरा. आईच्या डोक्यात मात्र एवढंच बसलं, की डहाणूला पोर घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी आले.

नर्सबाईंनी पोरीला नीट तपासलं. "ताप नाही, सूज नाही, खायला मागतेय. पुढच्या वजनापर्यंत घरीच नीट खाऊ घाला," त्या म्हणाल्या. "काटा वर सरकला नाही तर मात्र गाडी बोलावून डहाणूला भरती करायची. मग आईचं काही ऐकायचं नाही." आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं, की मलाच म्हणावं लागलं, अगं, श्वास तरी घेऊ दे.

नीट खाऊ घाला, हे सांगायला सोपं. तो महिना आमच्याकडे मोठा वाईट. जुनं भात संपत आलेलं, नवं शेतात उभं, मजुरी बंद. घरात रेशनचा तांदूळ आणि मीठ-मिरची. अंगणवाडीची अंडी त्या महिन्यात आली नव्हती. माझ्या घरच्या कोंबड्यांनीही नेमका तोच मुहूर्त धरला आणि खुडूक होऊन बसल्या. पाकिटातला आहार पोरगी थुंकून टाकायची, तो शेळी आवडीने खायची. शेळीची तब्येत उत्तम होती. नाक्यावरच्या दुकानात रंगीत वेफरच्या पुड्या मात्र बारमाही टांगलेल्या असत.

आणि हे सगळं चालू असताना त्या पोरीच्याच घराच्या कुडावर चवळीच्या शेंगा लोंबत होत्या. पलीकडे काकडीचा वेल, हाताएवढ्या काकड्या. पण त्याला कोणी हात लावत नव्हतं. आमच्या पाड्यावर वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, शिवेवरच्या वाघदेवाला नवं दाखवतात. जे पिकलं असेल ते सुपात घालून न्यायचं. तोवर नवीन पीक कोणी तोंडात घालत नाही. घातलं तर बाधतं म्हणतात, आणि बाधतं ते घरातल्या सगळ्यात दुबळ्या जिवाला. मीसुद्धा सासरी आल्यापासून हे पाळते. पटतं म्हणून नाही, शेजार टिकवायचा म्हणून. पण त्या दिवसांत त्या कुडावरून जाताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातच पोषण महिना आला. म्हणजे सरकारी कॅलेंडरात तो नेमका याच दिवसांत येतो. स्थानिक भाज्यांच्या पाककृती दाखवायच्या होत्या. तालुक्याहून मॅडम येणार होत्या. बाई चांगल्या, कामाला वाघ, उगाच नावं ठेवायला जागा नाही. मी फोनवर सांगितलं होतं, आपण शेवग्याचा पाला घेऊ. "बघू," म्हणाल्या. आल्या, फलक लावला, आणि मी चूल पेटवत होते तेवढ्यात शेजारच्या वेलावरून दोन काकड्या तोडून घेऊन आल्या. "अहो, हे काय! सोनं दारात लोंबतंय आणि तुम्ही पाला शोधताय!"

मी तोंड उघडलं, पण तोडलेली काकडी काही वेलाला परत लागत नाही. मॅडमनी काकडी किसली, नाचणीचं पीठ घातलं, खरपूस धिरडी केली. वास असा सुटला की दारातली पोरं आत सरकली आणि आयांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. मॅडमना वाटलं, बायका लाजतायत. त्यांनी नेमकी त्याच पोरीच्या आईला पुढे बोलावलं. फोटो काढायचा होता. धिरड्याचा तुकडा फुंकून गार केला आणि पोरीच्या तोंडाशी नेला.

पोरीने आ केला. इतका मोठा आ तिने माझ्यासमोर कधी केला नव्हता. आणि आईने तिच्या तोंडावर तळहात ठेवला.

"अगं, लेकराच्या तोंडचा घास काढतेस?" मॅडमचा आवाज चढला. "आधी पोटोबा मग विठोबा, कधी ऐकलं नाहीस?"

आईने हात काढला नाही. "तुमचा इठोबा थांबत आसंल, मॅडम," ती म्हणाली. "आमचा वाघ नाय थांबत. एक पोर माझा गेलाय."

पोरगी आईचा तळहात चाटत होती. हाताला वास लागला असावा. मला मॅडमचा राग आला, आईचा आला, शिवेवरच्या वाघाचाही आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या, "समजवा तुमच्या बायकांना." मी हो म्हटलं. धिरडी शेळीने खाल्ली.

संध्याकाळी भांडायच्याच तयारीने त्यांच्या घरी गेले. नवरा गुजरातच्या बाजूला कंपनीत, आठवड्याने घरी येणारा. घरात सासरा. तोच पाड्याचा भगत, नवं दाखवायचा मान त्याचा. मी सरळ त्यालाच धरलं. "आजच दाखवा ना नवं. देव काय तारीख बघतो?"

त्याने कुडावरच्या शेंगांकडे बघितलं. मग म्हणाला, "एकल्याचं नवं होत नाय, बाय. सगळ्या पाड्याचं एकदम होतं. मी आज माझ्या नातीसाठी केलं, आणि उद्या पावसानं लोकांचं भात नेलं, तर नाव कुणाचं घेतील? या पोरीचंच घेतील."

त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच मी आणखी चिडले. "मग डहाणूला नेऊ," म्हटलं आणि निघाले. चुलीपाशी बसलेल्या सुनेने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला घरापर्यंत पुरली. मी, येणाऱ्याजाणाऱ्याला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावणारी, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला मनातल्या मनात नारळ बोलून बसले.

सकाळी अंगणवाडी उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली. मांडीवर पोरगी, बाजूला वाळक्या भोपळ्याचा तुंबा. चुलीच्या वर टांगून काळा पडलेला. तिने बूच काढून तो माझ्या सुपात थोडा उपडा केला. राखेत घोळलेली चवळी.

"हे जुनं हाय," ती म्हणाली. "मागल्या सालचं. ह्याला वाघ अडवत नाय."

मला क्षणभर आनंद झाला, आणि मग कळलं. ते बी होतं. आमच्याकडे बियाणं असं राखेत घालून चुलीच्या धुरात ठेवतात. नवं पीक घरात येऊन वाळेपर्यंत जुन्या बियाला कोणी हात लावत नाही, कारण वेलावरच्या शेंगांचं काय होईल ते वेलालाही माहीत नसतं.

"सासरे काय म्हणाले?"

"म्हणले, पेरशील काय. मी म्हणलं, वेलावर हाय ना."

मग आम्ही कामाला लागलो. चवळी धुवायची, रात्री भिजत घालायची, सकाळी मऊ शिजवून चांगली घोटायची, त्यात नाचणी, चमचाभर तेल, आणि माझ्या माहेरच्या सुक्या जवळ्याची चिमूटभर पूड. रोजच्या रोज थोडं थोडं, पाच वेळा भरवायचं. पहिल्या दिवशी मी तिथून हलले नाही. पोट बिघडलं असतं तर पाड्याने एकच अर्थ काढला असता, आणि आईने तर माझं तोंडसुद्धा बघितलं नसतं. पोरीने पहिला घास तोंडात धरून ठेवला, आईकडे बघितलं, आणि गिळला. पुढच्याला तिने आईचं मनगटच धरलं.

आठवडा बरा गेला आणि पाऊस परत आला. जायचा सोडून चांगला मुक्कामाला आला. भात आडवं झालं. कुडावरच्या शेंगा आधी काळ्या पडल्या, मग हात लावला की बोटाला चिकटायला लागल्या. काकडीचा वेल मुळातूनच कुजला. लोकांनी चढावर लावलेलं बरंचसं वाचलं, हिचा कूड सखल जागी, सगळं पाणी तिथेच. पाड्यावर कुजबुज सुरू झाली होतीच, मॅडमनी नवं दाखवायच्या आधी काकड्या तोडल्या म्हणून हे झालं. मी रोज त्या वेलाकडे बघत तिच्या घरी जायचे आणि ती वेलाकडे पाठ करून चवळी घोटत असायची.

वजनाच्या दिवशीही पाऊस होता. बायका पोरांना घेऊन आत दाटीवाटीने उभ्या. नर्सबाईंनी पोरीला झोळीत घातलं. मी काट्याकडे बघायचं धाडस केलं नाही, नर्सबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा पुसला. पोरगी स्थिर होईना, पाय झाडत होती. आधी ती नुसती लोंबायची.

"वर गेलाय," त्या म्हणाल्या. "फार नाही, पण गेलाय. डहाणू लांबलं. टळलं नाही अजून, असंच चालू ठेवा."

मी आईला बाजूला घेतलं. म्हटलं, आता अंडी यायला लागतील, उरलेली चवळी राखून ठेव, निदान मूठभर. वेल तर गेला, पेरशील काय? तिने पिशवीतून तुंबा काढला आणि तळहातावर उपडा करून आपटला. नुसती राख पडली.

मला रडू आलं आणि रागही आला, तो मी नेहमीसारखा तिच्यावरच काढला.

वाघबारशीला सगळा पाडा शिवेवर जमला. पुढे दगड, त्यावर शेंदूर. बायकांनी सुपं मांडली. वाचलेल्या शेंगा, काकड्या, भाताच्या लोंब्या. ज्याचं जेवढं राहिलं तेवढं. भगत एकेका सुपाला कुंकू लावत येत होता. त्याची सून शेवटी उभी होती, तिचं सूप रिकामं. रिकामं सूप देवापुढे ठेवत नाहीत. बायका तिच्याकडे बघत होत्या, काही सरळ, काही पदराआडून. मी पुढे होऊन माझ्या सुपातलं काही द्यावं म्हणून वाकले.

तिने सूप खाली ठेवलं आणि त्यात पोरीला बसवलं.

"यंदा आमच्यात हेच पिकलं," ती म्हणाली.

म्हातारा थांबला. त्याचा कुंकवाचा अंगठा हवेतच राहिला. मग तो वाकला आणि काकड्यांना लावलं तसंच पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. पोरीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. शेजारच्या सुपातली काकडी तिने दोन्ही हातांनी उचलली होती. त्या सुपाची मालकीण, काकड्या तोडल्या म्हणून सगळ्यात जास्त बोललेली बाई, तिथेच उभी होती. भगताचं देवापुढचं गाऱ्हाणं अजून संपलेलं नव्हतं, देवाने अजून खाल्लं नव्हतं.

पोरीने काकडीला दात लावले. कोणी तिचा हात धरला नाही.